इस्रायलाइट स्कूल ते सर एली कदूरी स्कूल : दीडशे वर्षांची हकिगत

१८७५ साली मुंबईत, उमरखाडीच्या वस्तीत ‘इस्रायलाइट स्कूल’ सुरू झालं. काढणारे मराठी बोलणारे, शिकायला येणारी मुलंही घरी मराठीच बोलणारी. आडनावं केहीमकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर, रोहेकर. म्हणजे हजेरीपट वाचायला घेतला की अर्धा कुलाबा जिल्हा फिरून व्हावा. या मुलांना शाळेत शिकवायचं होतं इंग्रजी आणि हिब्रू. इंग्रजी कशासाठी, हे त्या काळच्या मुंबईत कुणालाही सांगावं लागलं नसतं. हिब्रू मात्र त्यांच्या स्वतःच्या धर्माची भाषा होती, आणि ती शाळेत जाऊन शिकण्याची वेळ आली होती.

परमुलखात गेलेला लहान समाज भाषेचा वर्ग काढतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीसाठी. पोरं आपलं बोलणं विसरू लागली की आईबाप जागे होतात. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले हे मराठी बोलणारे ज्यू, यांनी वर्ग काढला तो कोकणात कित्येक शतकं काढल्यावर. म्हणून या शाळेची हकिगत उमरखाडीत सुरू होत नाही. ती अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावरून सांगावी लागते.

समाजाची परंपरा सांगते ती अशी : नवगावजवळ एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावरच मूठमाती मिळाली. हे नेमकं कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही आणि इथे तो वाद उकरायचं कारणही नाही. वाचलेल्यांजवळ पोथ्या नव्हत्या. त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. गावगाड्यात जागा मिळाली ती जातीसारखी, आणि त्यांनी ती तक्रार न करता घेतली. समाजातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन थर पडले आणि त्यांच्यात रोटीबेटीचे व्यवहार बंद राहिले. कोकणच्या मातीत रुजायचं म्हणजे तिथलं गोड तेवढंच उचलता येतं असं नाही.

बाकी रुजणं मात्र मनापासूनचं होतं. बायका मंगळसूत्र घालू लागल्या. गोमांस वर्ज्य झालं. विधवेने पुन्हा लग्न करणं कमीपणाचं मानलं जाऊ लागलं, धर्मशास्त्राची त्याला हरकत नसताना. मुलांची नावं बायबलमधलीच, पण हाक मारायची ती गावच्या तोंडाला बसेल अशी : सॅम्युअलचा सामाजी, इझिकिएलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी. सणांनाही घरगुती नावं पडली. वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस दारफाळणीचा, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. पुरिम होळीच्या आगेमागे येतो, तेव्हा तो होळीचा सण. आणि एक खिरीचा सण, ज्याला खीर शिजायचीच.

मग ज्यू म्हणून उरलं काय? शनिवारचा विसावा, मुलग्यांची आठव्या दिवशी सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी खाणं, आणि ‘शेमा’ ही एकच प्रार्थना. जन्म असो, लग्न असो, मौत असो, तीच म्हणायची, कारण दुसरी येतच नव्हती. शिवाय मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं ताटात कालवायचं, वर फळांच्या फोडी रचायच्या आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेऊन नवस फेडायचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या आहेत असं समाज मानतो. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजाच्या ताटात पोहे-गुळाचा मलिदा सापडायचा नाही, आणि दुसऱ्या कुठल्या कोकणी ताटावर एलियाहूचं नाव घेतलं जायचं नाही. मुळं धरून ठेवणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

परंपरेतले दावीद रहाबी हे ज्यू प्रवासी कोकणात आले तेव्हा त्यांनी मासळीवरूनच या लोकांना ओळखलं असं सांगतात. बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले, त्यांनी बिनखवल्याचे बाजूला काढले. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना त्यांनी शिकवलं आणि ते समाजाचे काजी झाले. लग्नं लावणं, सुंता, तंटे मिटवणं ही कामं पुढे पिढ्यान्‌पिढ्या या काजींकडे राहिली.

अठराव्या शतकात घाणे सोडून माणसं मुंबईला आली, ती कंपनी सरकारच्या पलटणींत. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल इझिकिएल, हे त्यांतलेच. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मांडवीत मुंबईचं पहिलं सिनेगॉग बांधलं, शआर हारहमीम. त्यांच्या नावाची सॅम्युअल स्ट्रीट आजही मशीद बंदरच्या गर्दीत आहे. सिनेगॉग झालं खरं, पण आत प्रार्थना कुणी चालवायची? त्यासाठी कोचीनच्या ज्यूंना बोलवावं लागलं. शेलोमो शुर्राबींसारख्या कोचीनकरांनी या समाजाला प्रार्थनेची रीत घालून दिली.

दुसरे गुरू आले ते धर्मांतर करायला. अमेरिकन मिशनऱ्यांनी कोकणात आणि मुंबईत मराठी शाळा काढल्या, त्यांत बेने इस्रायल मुलं मोठ्या संख्येने बसली. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहून छापलं. बायबलचा जुना करार मराठीत आला आणि तेलाच्या घाण्यावर कानोकानी आलेल्या गोष्टी बेने इस्रायलांना पहिल्यांदा छापील अक्षरांत वाचायला मिळाल्या. मिशनऱ्यांना ख्रिस्ती झालेले ज्यू मिळाले ते अगदी मोजके. त्यांनी दिलेली पुस्तकं घेऊन समाज अधिक पक्का ज्यू झाला. सामाजी आणि इसाजी मागे पडले, सॅम्युअल आणि आयझॅक पुढे आले. मिशनच्या हिशोबात हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरला असणार.

यानंतरची चाळीस-पन्नास वर्षं मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहेत, आणि सहसा नोंदवली जात नाहीत. डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरं एकामागून एक केली. मुंबई विद्यापीठाने हिब्रूला परीक्षेचा विषय म्हणून जागा दिली, आणि राजपूरकर तिथे परीक्षक होते. १८८०च्या सुमारास समाजातल्या काही मंडळींनी हरिदासी कीर्तन ऐकून तसंच कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, साकी, दिंडी सगळं आपल्या कीर्तनकारांचं, आख्यान मात्र अब्राहामचं किंवा योसेफाचं.

या काळातली एक गोष्ट जवळून पाहावी. पेसाह सणाच्या रात्री घरोघरी वाचायची हग्गदा १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली, म्हणजे शाळा निघण्याच्या आदल्याच वर्षी. तीत चित्रं आहेत. चित्रांची धाटणी युरोपातल्या हग्गदांची. पण सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसल्या आहेत, आपापल्या घरी बसतात तशा. हे करताना पुण्याच्या छापखान्यातल्या त्या मंडळींनी फार विचार केला असेल असं वाटत नाही. भाकरी करणारी बाई त्यांच्या डोळ्यांपुढे दुसऱ्या कुठल्या वेषात येणारच नव्हती.

शाळेचे संस्थापक हाईम सॅम्युअल केहीमकर याच काळाचं अपत्य. जन्म १८३०चा. १८५३ साली त्यांनी भावांच्या साथीने समाजात शिक्षणाचा प्रसार करणारी एक मंडळी स्थापन केली. ती मूळ धरायला आणि तिची शाळा व्हायला बावीस वर्षं गेली. तोवर पलटणीतली वाट अरुंद होत चालली होती. बेने इस्रायलांनी शिपायापासून सुभेदारापर्यंत हुद्दे मिळवले होते. पण सत्तावन्ननंतर लष्कराची रचना हळूहळू जातवार तुकड्यांची झाली, आणि या समाजाची स्वतंत्र तुकडी उभी राहील एवढी त्याची संख्याच नव्हती. लहान अल्पसंख्याकांना दार बंद होतं ते बऱ्याचदा असं, कुणी मुद्दाम ढकलत नाही, रचनेत जागा उरत नाही. हातातली बंदूक सुटली तेव्हा लेखणी धरणं भाग होतं. पोस्ट, रेल्वे, कस्टम्स, सरकारी कचेऱ्या, इस्पितळं ही पुढच्या पिढ्यांची पोटापाण्याची ठिकाणं झाली, आणि तिथे इंग्रजीशिवाय प्रवेश नव्हता.

उमरखाडीच्या शाळेत इंग्रजी आली ती पोटासाठी आणि हिब्रू धर्मासाठी. मराठीचं काय, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. मराठी होतीच. मधल्या सुट्टीत ती होती, मुलाला समजलं नाही की समजावून सांगायला ती होती, हिब्रू शब्दाचा अर्थ वहीत लिहायचा तो बाळबोधीतच. तिला वेगळं राखावं लागत नव्हतं.

शाळा चालवणं मात्र सोपं नव्हतं. समाज गरीब, फी देणारे थोडे. केहीमकरांनी पदरमोड केली, लोकांपुढे हात पसरले, लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनला पत्रं लिहिली. १८८०च्या दशकापासून त्या संस्थेचं अनुदान येऊ लागलं आणि शाळा तगली. शतक संपेपर्यंत ती हायस्कूल झाली होती. केहीमकरांची एक इंग्रजी पुस्तिका आहे, तिच्या नावातच बेने इस्रायलांच्या इतिहासाची रूपरेषा आणि त्यांच्या शिक्षणासाठी आवाहन असे दोन्ही हेतू आले आहेत. देणगी मागायची तर आधी आपण कोण हे सांगावं लागतं, आणि इंग्लंडातल्या ज्यूंना कोकणात आपले भाऊबंद आहेत हेच मुळात पटवायचं होतं. या समाजाच्या इतिहासलेखनाला शाळेच्या खर्चाचा असा हातभार लागला. पुढे त्यांनी १८९७पर्यंत मोठा ग्रंथ लिहून पूर्ण केला. समाजाच्या चालीरीती, सणांची नावं, घराणी, कोकणातल्या जुन्या बायकांकडून कळलेल्या गोष्टी, सगळं त्यात आहे. या लेखातलं बरंचसं त्याच्याच आधारावर उभं आहे. केहीमकर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वारले. ग्रंथ छापला गेला तो १९३७ साली, तेल अवीवमध्ये.

नंतर शाळा माझगावला आली आणि १९३०च्या दशकात तिला सर एली कदूरी यांचं नाव मिळालं. वरवर पाहता ही नेहमीची घटना : मोठा देणगीदार, नवी इमारत, पाटीवर नाव. पण या नावाच्या मागे जुना सल आहे. कदूरी बगदादचे. तरुणपणी ससूनांच्या पेढीत नोकरीला म्हणून ते मुंबईत आले होते, संपत्ती मिळवली ती हाँगकाँग-शांघायला. मुंबईच्या बगदादी ज्यूंनी बेने इस्रायलांना बरोबरीचं कधी मानलं नव्हतं. हे लोक साडी नेसतात, मराठी बोलतात, यांचे विवाह आणि घटस्फोट शास्त्रानुसार झाले का, असे त्यांचे प्रश्न. १८३६ साली ज्यूंच्या दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी, असा अर्ज बगदादी मंडळींनी सरकारकडे केला होता. म्हणजे हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी ज्यांना ‘तुम्ही कोण’ म्हणून कधी छळलं नाही, त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली ती ज्यूंनीच. शंभर वर्षांनी एका बगदादी धनिकाच्या पैशातून बेने इस्रायलांच्या शाळेला बळ मिळालं. ‘इस्रायलाइट’ हा समाजाने स्वतः निवडलेला शब्द पाटीवरून गेला आणि देणगीदाराचं नाव आलं. भिंत मागणाऱ्यांच्या समाजातलाच माणूस भिंती बांधून द्यायला पुढे आला, ही भरपाई म्हणावी की काळाची गंमत, हे वाचकाने ठरवावं. माझ्या मते सौदा वाईट नव्हता.

शाळेचा सर्वांत भरभराटीचा काळ रिबेका रूबेन यांचा. १९२२ ते १९५० त्या मुख्याध्यापिका होत्या. बेळगावात १८८९ साली जन्म, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षण, मॅट्रिकच्या परीक्षेत विद्यापीठात पहिल्या. पुढे इंग्लंडला जाऊन अध्यापनाचं आणि हिब्रूचं शिक्षण. अशी बाई अठ्ठावीस वर्षं एका मध्यमवर्गीय समाजाच्या शाळेत राहिली, यात शाळेचं भाग्य मोठं. शाळेत येण्याआधी, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला, त्यांनी समाजाचं इंग्रजी वार्षिक संपादित केलं होतं. त्या सुमारास समाजात दोन प्रतिस्पर्धी परिषदा भरत होत्या, आणि राखीव जागा मागाव्यात की नाही, आपण वेगळे की इथलेच, यावर कडाक्याचे वाद होत. आजच्या कुठल्याही अल्पसंख्य समाजाच्या बैठकीत ते वाद जसेच्या तसे ऐकू येतील.

रूबेनबाईंच्या काळातल्या मुंबईत बेने इस्रायल किती सहज मिसळलेले होते ते पाहायचं तर फार लांब जावं लागत नाही. डॉ. ई. मोझेस १९३७-३८मध्ये मुंबईचे महापौर झाले, महालक्ष्मीचा रस्ता त्यांच्याच नावाचा. कामा हॉस्पिटल डॉ. जेरुशा झिराड यांच्या हाती होतं. ‘आलम आरा’ या बोलपटाची कथा जोसेफ डेव्हिड यांची. यांतलं कुणीही आपला धर्म लपवून पुढे गेलं नाही, आणि कुणालाही त्यासाठी अडवलं गेलं नाही. या शाळेच्या मुलांपुढे तो दाखला रोज होता.

१९४७ साली देशात बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. १९४८ साली इस्रायल झालं आणि घराघरांत जायचं की राहायचं याची चर्चा सुरू झाली. छळाला कंटाळून कुणी गेलं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं. इंग्रज गेल्यावर रेल्वे-कस्टम्समधल्या नोकऱ्यांची काळजी होती, आधी गेलेल्या नातेवाइकांची पत्रं होती, आणि धर्माची ओढ होती. त्या ओढीत शाळेचा वाटा आहे असं मला वाटतं. आजोबांना एक ‘शेमा’ तेवढी येत होती. नातवाला हिब्रू वाचता येत होती, सणांचे अर्थ माहीत होते, जेरुसलेम नकाशावर दाखवता येत होतं. शाळेने ज्या मुळांना पाणी घातलं, त्यांनीच पुढे मुलं दूर ओढून नेली. वर्ग रिकामे झाले ते शाळा फसली म्हणून नव्हे.

तिकडे पोचल्यावर काय झालं, तोही या शाळेच्या इतिहासाचाच भाग आहे, कारण तिथे गेलेली ही इथलीच मुलं. दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद, रामले या गावांत त्यांना वसवलं गेलं. इथे जे ज्यू म्हणून वेगळे होते ते तिथे ‘होदी’, म्हणजे हिंदी म्हणून वेगळे ठरले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला बेरशेबातल्या काहींनी धरणं धरलं, ‘आम्हांला परत पाठवा’ म्हणाले आणि शंभराहून अधिक माणसं १९५२ साली खरोखरच भारतात परतली. त्यातली बरीच पुन्हा गेली. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांशी लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासावी असा हुकूम काढला. भिंत मागणाऱ्या अर्जाचीच ही नवी आवृत्ती. समाज जेरुसलेमच्या रस्त्यावर बसला, आणि ऑगस्ट १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला.

तिकडे मराठीची गत मात्र निराळी झाली. उमरखाडीत जिला राखावं लागत नव्हतं, तिला अश्दोदमध्ये राखावं लागलं. मंडळं निघाली, नाटकं बसवली गेली, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं, महाराष्ट्र दिन साजरा होऊ लागला. पुरणपोळी आणि मलिदा टिकले. मराठी वाचणारी पिढी मात्र म्हातारी होत चालली आहे आणि नातवंडं हिब्रूतच बोलतात. म्हणजे आता तिथे मराठीचा वर्ग काढण्याची वेळ आली आहे.

माझगावची शाळा चालू आहे. वर्गांत ज्यू मुलं जवळजवळ नाहीत. मुलं येतात ती आसपासच्या वस्त्यांतली, बहुतेक मुसलमान आणि हिंदू घरांतली, त्यांतले कितीतरी आईबाप दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या राज्यातून मुंबईत पोटासाठी आलेले. याला ऱ्हास म्हणणारे म्हणोत. केहीमकरांनी शाळा काढली ती गावाकडून मुंबईत आलेल्या, हातात फारसं काही नसलेल्या मुलांसाठी, आणि बाकांवर आजही तशीच मुलं आहेत. जी नावं हजेरीत आधी होती त्यांच्या जागी दुसरी आली, एवढंच. भारतात आज चार-पाच हजार ज्यू उरले असतील, त्यांतले बहुतेक मुंबई-ठाणे-रायगडात. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. कागदावर ती येईपर्यंत समाजाचा मोठा भाग निघून गेला होता.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना, ते ठाण्या-पनवेलला असोत की लोद-रामलेला, एक विनंती. या समाजाचा लेखी ठेवा पसरलेला आहे तो ट्रंकांत आणि माळ्यावर : राजपूरकरांची प्रार्थनापुस्तकं, मराठी हग्गदा, कीर्तनांच्या वह्या, शाळा सोडल्याचे दाखले, वर्गाचे फोटो. रद्दीत घालण्याआधी ते उघडून पाहा. मराठी वाचता येत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्या, आणि फोटोंच्या मागे माणसांची नावं लिहा, गावच्या आडनावासकट. ओळखणारी माणसं अजून आहेत तोवरच हे होईल.